विक्रांतचं मॉडेल करताय? आधी साल ठरवा आणि या चुका टाळा

पुढे वर वळलेला स्की-जंप आणि त्याच डेकवर रांगेत उभी असलेली सी हॉक विमानं, असं विक्रांतचं, म्हणजे आपल्या नेव्हीच्या जुन्या विमानवाहू जहाजाचं, मॉडेल तुम्ही पाहिलं असेल, आणि करणाऱ्याने त्यावर खरंच जीव ओतलेला असतो, पण असं जहाज समुद्रावर कधी नव्हतंच. सी हॉक विक्रांतवरून उडायची १९७८ पर्यंत आणि स्की-जंप बसला १९८७ ते १९८९ च्या रिफिटमध्ये, म्हणजे मोठ्या दुरुस्तीत. मधे जवळजवळ दहा वर्षं गेली. मग असं का होतं? कारण नेटवर आणि लोकांच्या मोबाइलमध्ये विक्रांतचे जे फोटो आहेत त्यातले बहुतेक म्युझियमच्या काळातले आहेत. २००१ ते २०१२ मध्ये ती मुंबईत म्युझियम म्हणून उभी होती तेव्हा शाळेच्या सहलींपासून सगळे बघून आले. फोटो तेव्हाचा आणि डोक्यात युद्ध १९७१ चं, ते दोन्ही एकत्र चिकटवलं की झाला घोटाळा.

म्हणून पहिली गोष्ट, सुरी-गोंद हातात घ्यायच्या आधी साल ठरवा. नुसतं "विक्रांत" करायचं ठरवून उपयोग नाही, "डिसेंबर १९७१ ची विक्रांत" किंवा "१९८५ ची विक्रांत" असं ठरवा. ४ मार्च १९६१ ला बेलफास्टला ती नेव्हीत आली आणि ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली, म्हणजे जवळजवळ छत्तीस वर्षं, आणि एवढ्या वर्षांत तोफा कमी झाल्या, रडार बदलले, मास्टवरचं सामान बदललं, विमानं बदलली, शेवटी डेकचा आकारच बदलला. मोटामोटी चार काळ धरा. पहिला सी हॉक आणि अलिझे या विमानांचा, ज्यात १९७१ येतं. दुसरा १९८३ नंतरचा, सी हॅरियर विमानं आली पण अलिझेपण आहे आणि डेक अजून सपाट आहे, हा काळ कुणीच करत नाही आणि मला विचाराल तर मॉडेलसाठी तोच सगळ्यात मस्त आहे. तिसरा १९८९ नंतरचा, स्की-जंप आहे, कॅटापल्ट (विमान ढकलून उडवणारं यंत्र) गेली, अलिझे गेली. चौथा म्युझियमचा. म्युझियममध्ये वेगवेगळ्या काळातली विमानं एकत्र मांडलेली होती, त्यामुळे तिथला फोटो बघून डेकवरची मांडणी करायची नाही.

आता हे जहाज बघायला मिळणार नाही. २०१४ मध्ये भंगारात गेलं आणि मुंबईतच दारूखान्याला तोडलं गेलं. त्याच्या लोखंडातून २०१६ साली नेव्हल डॉकयार्डजवळ स्मारक झालं, पण तिथे जाऊन लाइफबोट कुठे टांगलेली असायची हे कळत नाही. आता उरलेत ते फोटो, ड्रॉइंग आणि जहाजावर राहिलेली माणसं. ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यामुळे त्यांच्याशी बोलताना होणाऱ्या चुका मी या लेखात रंगाच्या चुकांपेक्षा मोठ्या धरल्यात.

आधी ड्रॉइंगचं बघू. विक्रांतचा नंबर आर ११, तो सर्च केला की आता नवीन विक्रांत येते, २ सप्टेंबर २०२२ ला कोचीला नेव्हीत आलेली, तिचाही नंबर तोच. नवीन २६२ मीटर, जुनी २१३ मीटर. थ्रीडी प्रिंटची फाइल विकत घेताना लांबी तपासा, १:३५० च्या स्केलला, म्हणजे खऱ्याच्या साडेतीनशेपट लहान केल्यावर, जुनी ६१ सेंटिमीटर यायला पाहिजे, ७५ आली म्हणजे नवीन विक्रांतची फाइल आहे. दुसरी फसवणूक बहिणींची. विक्रांत ब्रिटिशांनी हर्क्युलिस नावाने बांधायला घेतली, १९४५ ला पाण्यात सोडली आणि मग काम तसंच पडून राहिलं, ते अर्धवट जहाज भारताने १९५७ ला घेतलं. त्याच मॅजेस्टिक क्लासची ऑस्ट्रेलियाची मेलबर्न आणि कॅनडाची बोनाव्हेंचर. त्यांची माहिती इंग्रजीत भरपूर मिळते म्हणून लोक त्यांचं आयलंड (डेकवरची उभी इमारत) आणि मास्ट उचलून विक्रांतवर बसवतात. खालचा हल, म्हणजे जहाजाचं अंग, घ्या बिनधास्त, पण डेकच्या वरचं काहीही त्यांच्यावरून घेऊ नका, प्रत्येक देशाने आपापल्या पद्धतीने जहाज पूर्ण केलंय.

विमानांमध्ये तीन चुका कायम दिसतात. सी हॉकच्या शेपटीत जेटचं भोक पाडतात. सी हॉकच्या शेपटीला भोक नाहीच, तिचा धूर दोन्ही बाजूंना पंखांच्या मुळाशी मागच्या कडेला बाहेर पडतो, शेपूट बंद आहे. १:३५० ला ते विमान साडेतीन सेंटिमीटरचं होतं, तरी हे डोळ्यांना दिसतं. दुसरी, सी हॅरियरचे पंख दुमडून पार्क करतात. तिचे पंख दुमडत नाहीत, नाक दुमडतं. सी हॉक आणि अलिझेचे पंख मात्र वर दुमडतात आणि ते दुमडलेले दाखवले की डेक एकदम खरा वाटायला लागतो. तिसरी चूक गर्दीची. सगळी विमानं केली म्हणून सगळी डेकवर ठेवतात, तिरक्या लँडिंगच्या पट्ट्यावर चार विमानं पार्क आणि मागून एक उतरतंय! विमान उतरताना दाखवायचं तर पट्टा मोकळा पाहिजे आणि बाकीची पुढे गोळा झालेली पाहिजेत, उडताना दाखवायचं तर पुढची कॅटापल्ट मोकळी पाहिजे. दोन्हीपैकी एक ठरवा. विमानांचे बारकावे बघायला गोव्याला बोगमाळोच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियमला एक चक्कर माराच, सी हॉक, अलिझे, सी हॅरियर तिन्ही समोर उभी आहेत, फिरून फोटो घ्या, पोटाखालचेही घ्या.

झेंडा. हा छोटा विषय आहे पण जुने नेव्हीवाले पहिलं तिथेच बघतात. आत्ताचा निशाण, ज्यात शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे, तो २०२२ पासूनचा. जुनी विक्रांत नोकरीत होती त्या सगळ्या काळात निशाण पांढरा, त्यावर लाल क्रॉस आणि वरच्या कोपऱ्यात तिरंगा. मधे अशोकस्तंभ असलेला निशाण २००४ चा, तोपण चालणार नाही. आपल्याला कुठला आवडतो हा प्रश्न नाही, तेव्हा कुठला होता हा प्रश्न आहे. आणि पुढच्या टोकाला छोट्या काठीवर तिरंगा लावतात तो फक्त जहाज बंदरात बांधलेलं किंवा नांगरलेलं असताना. समुद्रात चालतंय असं दाखवताय तर तो काढा.

आता हल. १:२०० ला करायचं म्हणजे एक मीटरच्या वर लांबी, फ्रेम कापून वर पट्ट्या लावायच्या. बरेच जण एमडीएफ घेतात कारण लेझर कटिंगवाला तेच पटकन कापून देतो. एमडीएफ वाईट नाही पण आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याच्या कापलेल्या कडा पाणी पितात आणि फुगतात, जूनमध्ये सरळ असलेला हल ऑगस्टमध्ये लाटा मारतो. कापल्याबरोबर सगळ्या कडांना पाणी घातलेला फेविकॉल किंवा सँडिंग सीलर दोन हात मारा, मगच जोडणी. कण्यासाठी, म्हणजे मधल्या लांब तुकड्यासाठी प्लायच घ्या.

हल पिळला जाणं ही त्याहून मोठी तक्रार. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं, एका बाजूच्या सगळ्या पट्ट्या आधी लावल्या आणि मग दुसरी बाजू घेतली. गोंद सुकताना ओढतो. एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे, आणि सगळं काम एका जाड सपाट फळीला स्क्रूने पकडून. पिळलाय का ते बघायला पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत दोरा ताणा आणि प्रत्येक फ्रेमची खूण दोऱ्याखाली येते का बघा. थोडा पिळलेला असेल तर वरून डेक बसवायच्या आधी आतून ओलसर करून उलट्या बाजूला पिळून दोन दिवस क्लॅम्प लावून ठेवा, बऱ्याचदा येतो सरळ. डेक बसल्यावर मात्र काही होत नाही.

वॉटरलाइनची रेघ हलच्या वळणाबरोबर हाताने काढू नका, ती पुढे मागे वर चढते. मॉडेल सपाट टेबलावर बरोबर लेव्हलमध्ये ठेवा, एका लाकडी ठोकळ्याला हव्या त्या उंचीवर पेन्सिल बांधा आणि ठोकळा टेबलावरून सरकवत सगळीकडून फिरवा. खाली मळकट लाल, वर राखाडी, मधे काळा पट्टा, आणि त्या काळ्या पट्ट्याच्या वरच्या-खालच्या दोन्ही रेघा अशाच काढा.

मागच्या बाजूला फ्लाइट डेकच्या खाली जी मोकळी जागा आहे, क्वार्टरडेक, ती लोक सपाट भिंत करून बंद करून टाकतात कारण फोटोत तिथे नुसती काळी सावली दिसते. आमच्या रत्नागिरीकडचे एक काका, विक्रांतच्या बॉयलर रूममध्ये स्टोकर होते, त्यांना अर्धवट झालेला हल दाखवला तर त्यांनी आयलंडकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ मागच्या टोकाला बोट घातलं आणि म्हणाले, "हे का बुजवलंस, वॉच संपली की आम्ही इथे येऊन बसायचो." खाली मशिनरीत चार तास भाजून निघाल्यावर वारा मिळायचा तो तिथे, त्यामुळे तिथला रेलिंग कुठे संपतो, दोरखंड कुठे गुंडाळलेले असायचे, कुठल्या दाराने वर यायचं हे सगळं त्यांनी न विचारता सांगितलं. त्या जागेचा चांगला फोटो शोधायला गेलात तर वैताग येईल.

याच गोष्टीवरून नाविकांशी बोलतानाची पहिली चूक कळते. आपण त्यांना आपले प्रश्न विचारतो. "काका, फ्लाइट डेकचा रंग कुठला होता, रडार कुठलं होतं?" बॉयलर रूमच्या माणसाला रडार काय विचारता. हजारावर माणसं राहायची त्या जहाजावर आणि प्रत्येकाचं जहाज वेगळं होतं, कुणी नोकरीची कितीतरी वर्षं पाण्याच्या पातळीखालीच काढली, कुणी फक्त विमानं ठेवायचं हँगर पाहिलं, कुणी गॅली, म्हणजे स्वयंपाकघर. आधी विचारा काम कुठे होतं, झोपायचात कुठे, तिथून कामाला कुठल्या वाटेने जायचात. वाट विचारली की शिड्या, दारं, पॅसेज आपोआप येतात आणि मॉडेलला नेमकं तेच हवं असतं. मेसडेकवर, म्हणजे नाविकांच्या राहायच्या जागेत, झोपलेल्या माणसाला कॅटापल्ट सुटल्याचा दणका आठवतो, गोड्या पाण्याची ठरलेली वेळ आणि बादली घेऊन धावणं आठवतं, मिडल वॉचला रात्री बाराला उठणं आठवतं, स्पीकरवर पाइप, म्हणजे हुकूम, झाला की जेवण टाकून पळणं आठवतं. हे मॉडेलमध्ये बसत नाही असं वाटेल, पण लिहून ठेवा, उद्या दुसऱ्या कुणाला लागेल.

दुसरी चूक, हो-नाहीचा प्रश्न. "तिथे बोट टांगलेली होती ना?" असं विचारलं की म्हातारा माणूस तुमच्या उत्साहाकडे बघून हो म्हणतो. त्यापेक्षा "तिथे काय होतं?" विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं फार महत्त्वाचं आहे, आठवायला वेळ लागतो, आपण मधेच फोटो दाखवला की आठवण फोटोसारखी होऊन जाते. फोटो शेवटी दाखवा.

तिसरी, साल न विचारणं. एकच माणूस विक्रांतवर दोनदा पोस्टिंगला असू शकतो, एकदा पासष्टला आणि परत ऐंशीनंतर, आणि बोलताना दोन्ही जहाजं एकत्र होतात. तारीख विचारू नका, ती लक्षात नसते. "तेव्हा डेकवर कुठली विमानं होती?" हे विचारा. सी हॉक म्हणाले तर १९७८ च्या आधीचं, हॅरियर आणि अलिझे दोन्ही म्हणाले तर १९८३ ते ८७ मधलं. किंवा घरचं विचारा, लग्न झालं होतं का, मोठी मुलगी झाली होती का, काकूंना साल पक्कं आठवतं. काकूंना मधे घ्याच, पत्रं आणि अल्बम त्यांनीच सांभाळलेले असतात.

एकाहत्तरचं विचारताना जरा जपून. ४ डिसेंबरपासून विक्रांतची विमानं कॉक्स बाजार आणि चितगाववर जाऊन हल्ले करत होती, ते सगळे अभिमानाने सांगतात, पण प्रत्येकाला त्यातलं सगळं बोलायचं असतं असं नाही. थांबले तर तुम्हीही थांबा. आणि बऱ्याच जणांना ऐकू कमी येतं, इंजिन रूम आणि फ्लाइट डेकच्या आवाजात वर्षं काढलेली माणसं आहेत ती, ओरडू नका, समोर बसा, चेहरा दिसेल असं हळू आणि स्पष्ट बोला. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारून. त्यांच्या अल्बममधला फोटो मोबाइलने खेचून ग्रुपवर टाकायचा नाही, घरातच स्कॅन करून मूळ फोटो तिथल्या तिथे परत द्या, मागे काही लिहिलंय का तेही स्कॅन करा. ग्रुप फोटोत माणसांच्या मागे जे दिसतं, एखादा पंखा, पाइप, बोफोर्स तोफेची नळी, ते मॉडेलवाल्यासाठी सोनं आहे.

गंज आणि मळ या बाबतीत नाविक आणि मॉडेलवाले यांचं अजिबात पटत नाही आणि मी नाविकांच्या बाजूने आहे. हल्ली व्हिडिओ बघून सगळे हलवर गंजाचे ओघळ काढतात. नेव्हीतल्या कुठल्याही माणसाला विचारा, त्याचं निम्मं आयुष्य चिपिंग हॅमरने गंज ठोकून काढण्यात आणि त्यावर रंग मारण्यात गेलंय. युद्धनौका गंजलेली दिसणं त्यांना लाज वाटण्यासारखी गोष्ट. म्युझियमच्या शेवटच्या वर्षांतली विक्रांत करताय तर गंज दाखवा, नोकरीतली करताय तर नांगराच्या भोकाखाली आणि पाणी बाहेर टाकायच्या पाइपांखाली अगदी फिकट ओघळ, बस्स. चिमणीच्या मागे काजळी मात्र दाखवा, तेल जाळून वाफेवर चालणारं जहाज होतं.

रंगाचा शेड ब्लॅक अँड व्हाइट फोटोवरून ठरवू नका, फिल्म आणि प्रिंटप्रमाणे राखाडी वाटेल तसा बदलतो. खरा शेड मिळाला तरी छोट्या मॉडेलवर तो गडद दिसतो, म्हणून थोडा पांढरा मिसळून फिका करा, आणि चमक नको, शेवटी मॅट वार्निश.

पावसाळ्यात एअरब्रश मारला आणि रंगावर पांढरट धूर आला ही तक्रार दरवर्षी जुलैत येते. लॅकर थिनर पटकन उडतो, उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतलं पाणी बसतं आणि रंगात अडकतं. घासू नका. कोरड्या दिवशी हळू सुकणारा थिनर, दुकानात रिटार्डर म्हणून मागा, तो नुसता हलकासा मारा, बऱ्याचदा धूर निघून जातो. नाहीतर सरळ ऑक्टोबरपर्यंत थांबा आणि तोवर विमानं करत बसा. फेविक्विकच्या आजूबाजूला येणारी पांढरी झाक वेगळी, ती गोंदाच्या वाफेची. डब्यात किंवा बंद खोलीत चिकटवलं की जास्त येते. गोंद सुईच्या टोकाने घ्या, पंखा लांबून चालू ठेवा, आणि काचेच्या किंवा पारदर्शक भागाला फेविक्विक लावूच नका.

रेलिंग आणि तारा जाड होणं, हे शाळेच्या प्रोजेक्टसारखं दिसायचं मुख्य कारण. हिशोब करा, खरा दोर २ सेंटिमीटरचा असेल तर १:३५० ला तो केसाएवढा येतो. शिवणाचा दोरा चालत नाही, त्याला तंतूही निघतात. लायक्राचा ताणणारा धागा वापरा किंवा किटमधली प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर गरम करून लांब खेचा. मास्टसाठी मोटर वाइंडिंगची तांब्याची तार उत्तम, मुंबईत लोहार चाळीत सगळ्या जाडीत मिळते. माणसं ठेवायची तर १:३५० ला पाच मिलिमीटरची, त्याहून मोठी ठेवली की सगळं जहाज होडीएवढं दिसतं.

समुद्र करताय तर रेझिन एकदम ओतू नका, जाड थर गरम होतो आणि प्लॅस्टिकचा हल वाकवतो. पातळ थर, प्रत्येक थरामध्ये एक दिवस. आणि पुढची फेसाची लाट सालाप्रमाणे करा. कागदावर विक्रांतचा वेग २५ नॉट, पण १९७१ ला चारपैकी एक बॉयलर बिघडलेला होता आणि वेग कमी ठेवावा लागत होता, त्यामुळे डिसेंबर ७१ च्या मॉडेलला नाकाखाली उसळलेला पांढरा डोंगर शोभत नाही. हे बॉयलरवाले लगेच पकडतात.

नावाच्या पट्टीवर साल टाका, "आय.एन.एस. विक्रांत, १९७१" असं, आणि ज्यांनी माहिती दिली त्यांचं नाव टाकायचं का ते त्यांना विचारा, काहींना आवडतं, काहींना नको असतं. आयलंड, मास्ट आणि बोटी पक्क्या चिकटवायच्या आधी मॉडेल एकदा त्यांच्याकडे घेऊन जा किंवा व्हिडिओ कॉलवर सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवा, ब्लू टॅकवर (काढता येणाऱ्या चिकट लगद्यावर) नुसतं टेकवलेलं असलं की जागा बदलायला एक मिनिट लागतं. केस अॅक्रिलिकची, मागे हवेसाठी दोन भोकं, आत सिलिका जेलची पुडी, कोकणात आणि मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर ती पुडी पावसाळ्यात दर महिन्याला बदला.